विंग कमांडरीणबाईंच्या फेऱ्या

चंडीगडचे सगळे चौक विंग कमांडरीणबाईंच्या सोयीसाठीच गोल बांधलेत, यावर माझा ठाम विश्वास आहे. सरळ रेषेत आखलेल्या या शहरात जागोजागी हिरवळीचे ते गोल कशाला ठेवले, हे तज्ज्ञांना विचारू नका, मला विचारा. बाईंना बोलणं अर्धवट सोडता येत नाही म्हणून! स्कूटरवर मागे कुणी बसलं आणि विषय रंगला, की आमच्या सेक्टरचं वळण आलं तरी त्या वळायच्या नाहीत. चौकाला आणखी एक फेरी, मग आणखी एक. एकदा मी भाजी आणायला त्यांच्या मागे बसले होते. "अहो, वळा की आता!" म्हटलं, तर म्हणाल्या, "थांबा ओ, जाऊबाईंचं राहिलंय अजून." जाऊबाई संपेपर्यंत चौकातला ट्रॅफिक पोलीस आम्हाला ओळखीचं हसायला लागला होता.

बाई मूळच्या कोल्हापूरच्या. यजमानांच्या बदल्यांबरोबर देशभर फिरून शेवटी चंडीगडला आल्या, आणि निवृत्तीनंतर आमच्याच इमारतीत राहिल्या. "हवाई दलात मी होतो, पण हल्ले हिने केले," असं विंग कमांडर चहा गाळता गाळता सांगत. खोटं नव्हतं ते. बेल नावाची वस्तू बाईंना ठाऊकच नव्हती. सरळ आत यायच्या, पातेल्यांवरची झाकणं उचलून बघायच्या, मीठ कमी आहे म्हणून सांगायच्या आणि मग विचारायच्या, "आत आले तर चालंल न्हवं?" शेजारच्या पंजाबी बहनजींना "साग में थोडा ठेचा डाल के देखो की!" असं सांगून त्यांनी त्या सज्जन बाईच्या डोळ्यांतून पाणी काढलं होतं.

पण त्यांचा खरा थाट बघावा तो बारावीच्या निकालाच्या संध्याकाळी. इथल्या मराठी मंडळातल्या सगळ्या घरांना त्यांच्याकडे मिसळीचं आवतण असे. मुलांना मार्क विचारायचे नाहीत, आणि प्रत्येक मोठ्या माणसानं उभं राहून आपण आयुष्यात कुठे आपटलो ते सांगायचं, तेव्हाच त्याच्या वाटीत तर्री पडायची. मोठमोठे सर्जन मान खाली घालून ॲनाटॉमीत कशी गटांगळी खाल्ली ते सांगत, आणि पोरं टाळ्या पिटत. मंडळातले एक कर्नलसाहेब एकदा छाती काढून म्हणाले, "मी कधीच नापास झालो नाही." बाई म्हणाल्या, "मग तुम्हाला मिसळ नाही. बसा." कर्नलसाहेबांना लगेच सैनिकी शाळेची हुकलेली परीक्षा आठवली.

माझ्या लेकीचं, मधुराचं, मेडिकलच्या यादीत नाव लागलं नाही, त्या वर्षी ती मिसळीला गेली नाही. तिचे बाबा इथल्या मोठ्या इस्पितळात डॉक्टर. आपणही तेच व्हायचं, हे पोरीनं फ्रॉकात असल्यापासून ठरवलेलं. तिचं बोलणं थांबलं, मग जेवण कमी झालं. नंतर एकाएकी ती शांत झाली, कपाट आवरायला लागली. मला हायसं वाटलं. एका दुपारी, कुणाला हात लावू द्यायची नाही तो गाण्यांच्या कॅसेटींचा खोका घेऊन ती खाली बाईंकडे गेली. "आंटी, ये आप रख लो. मुझे अब नहीं चाहिए."

बाईंनी खोका टेबलावर ठेवला आणि स्कूटरची किल्ली उचलली. "चल, मागं बस."

मी बाल्कनीतून बघत होते. समोरच्या चौकाला स्कूटर गोल गोल फिरत होती. आज पोरीला जाऊबाई ऐकाव्या लागणार, असं वाटून मला हसूही आलं. खरं काय झालं ते मधुरानं पुढे सांगितलं. पहिल्या काही फेऱ्या बाई चक्क गप्प होत्या. मग मागे न बघता म्हणाल्या, "पोरी, मरावंसं वाटतंय काय?" मधुरा म्हणते, "समोर बसून विचारलं असतं ना, तर मी पक्का नाही म्हटलं असतं. पाठीला हो म्हणता आलं."

त्या दिवशी बाईंनी बेल वाजवली. मधुराचा हात घट्ट धरून दारात उभ्या. "हिला जगणं नको झालंय. गुपित ठेवीन असं मी हिला कबूल केलेलं नाही. ओरडायचं नाही. रडायचं तर खुशाल रडा. पण मनाच्या डॉक्टरांकडे न्यायचं." मधुराचे बाबा चपला घालत म्हणाले, "आत्ताच जाऊ."

औषधं सुरू झाली, डॉक्टरांशी बोलणं सुरू झालं, आणि बाईंनी सगळं मंडळ कामाला लावलं. आमचं घर रिकामं म्हणून राहू द्यायचं नाही. मंडळातल्या एका प्राध्यापकांच्या सौ. विणकाम शिकवायला यायच्या, त्यांना स्वतःला धड उलटा टाका येत नव्हता. कर्नलसाहेब मधुराकडे ईमेल शिकायला यायचे आणि पासवर्ड रोज विसरायचे. हुकूमच तसा होता. महिने गेले. एका सकाळी आतून मधुराचा आवाज आला, "अंकल, यार, कल ही तो बताया था!" किती दिवसांनी ओरडली पोरगी! मी कणकेचे हात तसेच डोळ्यांना लावून रडले. या सगळ्यांचं देणं मला फेडायचंच नाही, जन्मभर अंगावर मिरवायचंय.

मधुरा आता चंडीगडबाहेर खरड गावाजवळच्या एका कॉलेजात शिकवते. गेल्या हिवाळ्यात विंग कमांडर गेले आणि बाईंचं बोलणंच आटलं. कुणी विचारलं की "बरी आहे" म्हणायच्या, दार लोटून घ्यायच्या. निकाल लागला, पण मिसळीचं आवतण आलं नाही. मागच्या रविवारी आमची बेल वाजली. बाई मिसळीचं ते अजस्र पातेलं घेऊन उभ्या होत्या. "हे तुम्ही ठेवा. मला आता कशाला लागतंय?"

मी काही बोलणार, तोच मधुरा आतून आली. तिनं पातेलं त्यांच्या हातातून घेऊन टेबलावर ठेवलं आणि स्वतःच्या स्कूटरची किल्ली उचलली.

"आंटी, चलो. पीछे बैठो."

"कुठं गं?"

"बैठो तो सही."

मी बाल्कनीत गेले. स्कूटर चौकात शिरली, सेक्टरचं वळण आलं, पण ती वळली नाही. बाई आधी ताठ बसल्या होत्या, फौजेतल्यासारख्या. बऱ्याच फेऱ्यांनंतर त्यांनी मधुराच्या पाठीवर डोकं टेकलं, आणि त्यांचे ओठ हलताना दिसले.

आज वेळ लागणार होता. मी आत आले आणि त्यांच्याच पातेल्यात मटकी भिजत घातली.