रशीदभाईंचा उलटा कॅमेरा

रशीदभाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी पिंपळवंडीच्या घरी दाढी करत होतो. अर्धी दाढी तशीच राहिली. महिना उलटला, तरी आळेफाट्यावरून जाताना पाय आपोआप ब्रेकवर जातो...

आळेफाट्यावर त्यांचं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान होतं. नव्वद सालच्या माझ्या स्कूटरपासून सगळ्या वाहनांचे दिवे, हॉर्न त्यांच्याच हातचे. माणूस तिरसट. घाई करणाऱ्याला सरळ सांगत, "दुसरीकडं जावा." मलाही दोनदा सांगितलं होतं, मी दोन्ही वेळा तिथंच बसून राहिलो.

निवृत्तीनंतर माझी मान आखडली. गाडी मागे घेताना वळून बघता येईना. थोरली बहीण, अक्का, डिंभ्याला एकटी. तिकडे एसटीचा काही भरवसा नाही. गाडी चालवणं सुटलं असतं तर तिच्याकडे जाणंच सुटलं असतं. हे ऐकून रशीदभाईंनी पुण्याहून गाडीच्या मागे लावायचा कॅमेरा मागवला. आमच्या भागात तेव्हा असलं काही कुणी पाहिलं नव्हतं. सोबतचा कागद चिनी भाषेत. "वायर बोलती की गुरुजी, कागद कशाला?" म्हणाले आणि दिवसभर खपून बसवला.

मी रिव्हर्स टाकला, कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर बघत स्टिअरिंग फिरवलं आणि धाडकन त्यांचंच पाण्याचं पिंप आडवं केलं. पडद्यात ते डावीकडे दिसत होतं. खरं होतं उजवीकडे. मला वाटलं, चूक माझीच. किल्ली त्यांच्या हातात ठेवली. "झालं माझं. विकून टाका गाडी." खरं सांगतो, डोळे भरून आले होते.

त्यांनी पिंपाकडे पाहिलंही नाही. पडदा निरखला, डिकीत डोकं घातलं आणि एक बारीक वायर तोडली. "ह्या वायरीनं चित्र उलटं व्हतं. चूक माझी, आन् गाडी तुमी इकताय व्हय?"

इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून 'चूक माझी' मी तेवढं एकदाच ऐकलं. मग पिंपाच्या जागी ते स्वतः जाऊन उभे राहिले. "या आता मागं. माझ्याकडं बघत या."

मी पुन्हा रिव्हर्स टाकला. पडद्यात त्यांची मळकी पॅन्ट मोठी मोठी होत गेली... ते जागचे हलले नाहीत. हातभर अंतर ठेवून मी थांबलो.

परवा अक्काच्या अंगणात गाडी लावत होतो. ओट्यावरून ती ओरडली, "आजून घे की मागं, लई जागा हाय!"

मी हातभर आधीच थांबलो. तिथं रशीदभाई उभे असतात, हे तिला कसं सांगू?