डाव्या हाताचा क्लच

लॅबमध्ये त्याला सगळे वादळ म्हणत, आणि हे वादळ उभ्या आयुष्यात ताशी चाळीसच्या वर गेलं नव्हतं. दवाखान्यांतून रक्ताच्या नळ्या घ्यायच्या, मागच्या थंड पेटीत ठेवायच्या आणि खड्डे चुकवत लॅबला पोचवायच्या, हे काम त्याने मोटारसायकलवर एकोणीस वर्षं केलं. एक नळी फुटली नाही. मग एका दुपारी उभ्या कारचं दार अचानक उघडलं आणि हा डाव्या खांद्यावर आपटला. हाडं जुळली, पण हातात उतरणाऱ्या नसा कायमच्या दुखावल्या. बोटं जेमतेम हलायची, आणि गरम कपाला टेकली तरी त्यांना पत्ता नसायचा. डॉक्टर म्हणाले, "वाट बघू." डॉक्टरांचं काय जातं वाट बघायला!

लॅबने त्याची जागा सहा महिने राखून ठेवली होती. तोवर गाडी चालवून दाखवायची, नाहीतर दुसरा माणूस येणार.

रोज सकाळी जिन्याखाली स्टँडवर लावलेल्या गाडीवर बसून तो क्लच दाबायचा. क्लच डाव्या हाताचा आणि गेला तोही डावाच. नशिबालाही नेमकी जागा सापडते. चार महिने क्लच तसूभर हलला नाही. तो जेवण टाकू लागला, बायकोवर उगाच खेकसू लागला. पाचव्या महिन्यात एके दिवशी क्लच हलला. पुढच्या आठवड्यात अर्धा आला, महिनाअखेर मुठीला टेकला.

"अगं, बाहेर ये! बघ!" तो ओरडला.

तिने पाहिलं आणि डोळे पुसले. त्या दिवशी तो पोटभर जेवला.

कुणाला न सांगता त्याने लॅबच्या साहेबांना बोलावून घेतलं. बायको कामावर गेल्यावर साहेब आले, सोबत लॅबचा सगळ्यात जुना ड्रायव्हर. वादळ ऐटीत गाडीवर बसला, बटण दाबलं, क्लच मुठीपर्यंत ओढला आणि गियर टाकला. गाडी उसळून समोरच्या भिंतीवर गेली. तो खाली, गाडी त्याच्या पायावर.

म्हाताऱ्याने गाडी उचलली आणि करंगळीने क्लच ओढून पाहिला.

"केबल केवढी ढिली आहे रे! दांडी नुसतीच ओढली जाते, आत क्लच सुटतच नाही. बघितली नाहीस?"

क्लच, ब्रेक, हवा, आणि मगच गाडीवर टांग. लॅबच्या प्रत्येक नव्या पोराला हा धडा वादळनेच शिव्या घालून शिकवला होता. आणि स्वतः महिनाभर फक्त बोटांकडे बघत बसला होता. शरमेने त्याला मान वर करवेना. साहेब भला माणूस. "जपा स्वतःला" एवढंच म्हणाले. मग म्हाताऱ्याने पाना घेऊन थंड पेटी गाडीवरून सोडवली, कारण पेटी लॅबची होती.

संध्याकाळी मेहुणा गॅरेजमधून तसाच, काळ्या हातांनी, धावत आला.

"दाजी, चालवायच्या आधी मी घट्ट करणारच होतो. आईशप्पथ!"

"त्याला बोलू नका," बायको मध्ये पडली. "मीच सांगितलं होतं, दर रविवारी थोडी ढिली कर म्हणून. तुम्ही जेवत नव्हता हो. मला भीती वाटायला लागली होती."

रागवायला हवं होतं, पण राग आलाच नाही. आपल्यासाठी ही दोघं महिनाभर चोरासारखी वावरली, याचंच त्याला वाईट वाटलं.

"आता घट्ट कर," तो मेहुण्याला म्हणाला.

मेहुण्याने केबल पूर्वीसारखी ताणली. वादळ गाडीवर बसला. बोटं क्लचवर ठेवली आणि दात-ओठ खाऊन जोर लावला. कपाळावर घाम आला, खांदा थरथरला. क्लच होता तिथेच राहिला. बायकोने मान फिरवली.

त्याने उजव्या हाताने डाव्या हाताची बोटं एकेक करून सोडवली आणि खाली उतरला.

"विकून टाक," तो म्हणाला. "घेणाऱ्याला सांग, क्लच एकदम ठीक आहे."