अण्णांसोबतची लोकसहभागी बैठक

माझं सगळं उमेदीचं वय स्वयंसेवी संस्थांमध्ये गेलं. पाणी, शेळ्या, बचत गट, कुपोषण. ज्या विषयाला त्या वर्षी निधी मिळेल तो माझ्या जिव्हाळ्याचा विषय. या कामात माणूस त्याग करतो असा लोकांचा समज आहे आणि मी तो कधी खोडून काढला नाही. खरं तर त्याग घरचे करतात. आपण समाधान घेऊन गावोगाव हिंडतो. प्रकल्प संपला की नोकरी संपते, आणि पुढचा मिळेपर्यंत बायकोच्या शाळेच्या पगारावर आपण समाजाचं ऋण फेडत बसतो.

त्या आठवड्यात मी सांगोल्यात नव्या कार्यकर्त्यांना प्रशिक्षण देत होतो. विषय होता, 'गावातल्या ज्येष्ठांचं स्थान'. चहाच्या सुट्टीत अक्कलकोटहून थोरल्या बहिणीचा, अक्काचा फोन आला.

"अण्णा माझ्याकडं राहायला येतो म्हणतायत. कायमचं. रविवारी गाडी घेऊन येते. तुला बोललेत का काही?"

बोलले नव्हते. अण्णा म्हणजे आमचे वडील. सोलापुरात गिरणीत नोकरी केलेले, आई गेल्यापासून आमच्याकडे राहणारे. 'आमच्याकडे' म्हणजे दिवसभर बहुतेक कुलूपबंद घरांच्या शेजारात एकटे. बायको शाळेत, मी आठवडाभर तालुक्यांत.

ते जाऊ नयेत असं मला मनापासून वाटत होतं. पहिलं कारण प्रेमच होतं. दुसरं लिहिताना लाज वाटते. ज्याच्या घरातला म्हातारा घर सोडून जातो, त्यानं ज्येष्ठांवर प्रशिक्षण कोणत्या तोंडानं द्यायचं?

शनिवारी घरी आलो. दुसरा कुणी मुलगा असता तर बापाशेजारी जाऊन बसला असता आणि म्हणाला असता, जाऊ नका. मी बैठक लावली.

आमच्या कामात एक पद्धत आहे. गावकऱ्यांना कागदाचे लहानमोठे गोल कापून द्यायचे. मधे गाव मांडायचं. दवाखाना, बँक, रेशन दुकान, जे महत्त्वाचं त्याला मोठा गोल. जे वेळेला हाताशी येतं ते गावाजवळ, जे येत नाही ते लांब. याला चपाती-आकृती म्हणतात. भाकरी खाणाऱ्या गावांत आम्ही ती वर्षानुवर्षं करतो आहोत.

मी जुन्या कॅलेंडरातून गोल कापू लागलो तेव्हा बायको दारात उभी राहिली.

"अहो, ते तुमचे वडील आहेत, बचत गट नाहीत."

"अगं, त्यांचं त्यांना मांडू दे. आपण लादायचं नाही."

नियमाप्रमाणे सगळ्यांनी जमिनीवर बसायचं असतं, समानता म्हणून. अण्णांच्या गुडघ्यांना समानता झेपेना. ते खुर्चीवर बसले, मी सतरंजीवर, आणि गोल टीपॉयवर.

"हे काय रे? खेळ हाय का?"

"खेळच समजा. मधे तुम्ही. आता तुमच्या रोजच्या जगण्यात कोण कोण आहे ते मांडा."

अण्णांनी मन लावून मांडलं. औषधाच्या दुकानातला पोरगा जवळ. तो गोळ्या घरपोच आणून देतो. समोरची पद्मशाली वहिनी त्याहून जवळ, "तिचं तेलुगू मला कळत न्हाय, पर चार वाजता च्या देती." सूनबाई अगदी चिकटून. ती दारातच होती. तिनं दुसरीकडे पाहिलं. मोबाइलसुद्धा जवळ आला, कारण त्यावर अक्का रोज बोलते.

बैठक घेणाऱ्यानं कोणताही प्रभाव टाकायचा नसतो. मी फक्त सगळ्यात मोठा गोल जरा त्यांच्या हाताकडे सरकवला.

"ह्यो तुझा का?"

"तुम्ही ठरवा."

"तुझाच. मोठा हाईसच की तू, न्हाय कोण म्हणतो?" असं म्हणून त्यांनी तो उचलला आणि टीपॉयच्या पार कडेला ठेवला. अर्धा बाहेर. पंख्याच्या वाऱ्यानं तो खाली पडला.

लोकांशी वाद घालायचा नाही, 'का' एवढंच विचारायचं, हे मी शेकडो पोरांना शिकवलंय. "का, अण्णा?"

"आता का काय! तू येतोस, लई इचारतोस. जेवण झालं का, झोप लागती का, पाय दुखतो का. म्या सांगतो. तू मान हलवतोस. मग जातोस. त्या गावांतल्या लोकांला पण असंच करतोस का रं?"

बायको हसली आणि लगेच आत गेली.

"अक्का काय बी इचारत न्हाय," अण्णा म्हणाले. "ताट आणून ठेवती, आन् शेजारी बसून बडबडती. मला तेवढं बास हाय."

तेव्हा मी पद्धत सोडून दिली. "नोकरी सोडतो. घरी बसतो तुमच्यापाशी."

"नको बाबा! दिवसभर मलाच इचारत बसशील."

रविवारी अक्का आली. अण्णांचं सामान एका पिशवीत मावलं. समोरची वहिनी बाहेर येऊन तेलुगूत काहीतरी म्हणाली आणि अण्णांनी मराठीत उत्तर दिलं; दोघांचं नीट जमलं. गाडी सुरू झाली तशी मी खिडकीशी वाकलो. थांबा म्हणायचं होतं. तोंडातून आलं ते प्रत्येक प्रकल्प संपला की गाव सोडताना मी म्हणतो ते.

"काही अडचण आली तर जरूर सांगा."

"व्हय, सांगतो की," अण्णा म्हणाले.

गावंही असंच म्हणतात. आजवर एकाही गावाचा फोन आलेला नाही.