पाच ऊस

खरात सर सेकंद मोजत नसत, ऊस मोजत. "एक ऊस, दोन ऊस, तीन ऊस..." सावकाश, तोंडातल्या तोंडात. मनगटावर घड्याळ होतं, पण दोन्ही हातांत कॅमेरा धरल्यावर घड्याळ कोण बघणार? 'एक ऊस' म्हणायला बरोबर एक सेकंद लागतो, हा त्यांचा स्वतःचा शोध. "पाच ऊस झाल्याबिगर बटणावरचं बोट काढायचं न्हाई," हा त्यांचा पहिला नियम आणि खरं सांगायचं तर शेवटचाही.

मला ते पहिल्यांदा दिसले तेही असेच पुटपुटताना. सत्तरच्या दशकातली गोष्ट. घनसावंगीजवळच्या एका हायस्कुलात विज्ञान शिकवायला माझी नेमणूक झाली होती. परभणीहून निघून, दोन गाड्या बदलून, ट्रंक घेऊन उतरते तो समोर एक उंच, काळासावळा माणूस डोळ्याला यंत्र लावून माझ्याचकडे रोखून उभा. मी तशीच चालून गेले आणि म्हटलं, "लाज नाही वाटत? न विचारता बायकांचे फोटो काढता?" त्यांनी यंत्र खाली घेतलं, त्याचं झाकण उघडलं आणि माझ्यापुढे धरलं. आत काहीच नव्हतं. "रीळच न्हाई, बाई. रियाज करून राह्यलो." मग त्यांनीच माझी ट्रंक उचलली. ते आमच्या शाळेचे चित्रकला शिक्षक निघाले.

जालन्यातला एक फोटो स्टुडिओ बंद पडला, तेव्हा मालकाकडून त्यांनी तो चावीचा सिनेमा कॅमेरा घेतला होता. सोबत हातानं दांडी फिरवून चालवायचा एक जुनाट प्रोजेक्टरही. कॅमेरा आला, पण रीळ मिळायचं मुंबईला आणि धुवायचंही मुंबईलाच. पत्रांवर पत्रं जात, उत्तर येई, 'सध्या माल नाही.' सरांना त्याचं काही वाटत नसे. ते म्हणत, "गवई काय रोज मैफलीत गातो का? घरी गळा घासतो. मी डोळा घासतो." गावानं त्यांचं नाव ठेवलं होतं 'कोरा कॅमेरा'. पोरं तोंडावर म्हणत आणि सर हसत.

मी का शिकले? दुसरं करणार काय होते! भाड्याची एक खोली, संध्याकाळी बोलायला भिंत. सर पण एकटेच, लग्न केलेलं नाही, घरी म्हातारी आई. पण गावाला तोंड असतं हे दोघांनाही ठाऊक होतं, म्हणून आमची शिकवणी मधल्या सुट्टीत, शाळेच्या व्हरांड्यात, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत चाले. सरांनी पोस्टकार्डाला चौकोनी भोक पाडून मला दिलं. महिनाभर कॅमेऱ्याला हात नाही, फक्त त्या भोकातून बघायचं. "काय दिसतंय?" "शिपाई घंटा देतोय." "अन् काय न्हाई दिसून राह्यलं?" मी कार्ड इकडेतिकडे फिरवलं. "घंटा ऐकून पळणारी पोरं न्हाई दिसत. मंग घंटा दिली कशाला? आता तिकडं वळा. पण आधी शिपाई पाच ऊस." दृश्य तोडायचं कुठं आणि जोडायचं कुठं, हे मी असं कार्डाच्या तुकड्यावर शिकले.

मग कॅमेरा हातात आला, अर्थात कोराच. चावी पूर्ण दिली की तो पंचवीस-तीस ऊस घरघरायचा. श्वास रोखून, कोपर बरगडीला टेकवून उभं राहायचं. समोर घ्यायला माणूस कोण, तर सरच. ते खडू घेऊन फळ्यावर हत्ती काढत, वळून बघत, हात झटकत, आणि मी एक ऊस, दोन ऊस करत त्यांना टिपत असे. मी हलले की न बघताच त्यांना कळायचं. "बाई, जल्दी कशाची? गाडी चुकून राह्यली का तुमची?"

रामनवमीला आम्ही जांबच्या जत्रेला गेलो, तेव्हाची गंमत सांगते. कॅमेरा बघून एक पाटील पुढे आले, फेटा नीट केला, मिशीवर हात फिरवला आणि चांगली पाच मिनिटं उभे राहिले. मग विचारलं, "मास्तर, सिनेमा जालन्याला कधी लागायचा?" बरं, खोटं बोलावं की नाही माणसानं! सर म्हणाले, "आत रीळ न्हाई, पाटील." पाटलांनी आम्हा दोघांचा जो उद्धार केला, तो ऐकत आम्ही बस येईपर्यंत उभे होतो.

परतताना बसमध्ये मी चिडून म्हटलं, "सर, कशासाठी हे सगळं? लोक हसतात." त्यांनी मांडीवरच्या कॅमेऱ्याचं झाकण लावलं. मग म्हणाले, "माझ्या बापाचा एकच फोटो हाय. त्यात तो मेलेला हाय."

त्या काळी आमच्या भागात ही रीतच होती. जिवंतपणी फोटोला कोण खर्च करणार? माणूस गेला की मग धावपळ करून फोटोग्राफर बोलवायचा, मयताला खुर्चीत बसवायचं, नवी टोपी घालायची आणि घरच्यांनी आजूबाजूला उभं राहायचं. सरांच्या घरी बुद्धाच्या तसबिरीशेजारी तो फोटो मी नंतर पाहिला. खुर्चीत डोळे मिटलेला बाप, त्याच्या खांद्याला धरून उभे सहा-सात वर्षांचे सर. "मला बाप आठवतच न्हाई," ते म्हणाले, "आठवती ती खुर्ची. मायचं तसं व्हायला न्हाई पाहिजे. माय मला चालताना पाहिजे."

त्यांची आई कडूबाई. सगळा जन्म दुसऱ्याच्या रानात खुरपण्यात आणि ऊसतोडीत गेलेला. सरांनी एकदा तिला ओट्यावर बस म्हटलं, तर म्हातारी कडाडली, "बसून कशाला काढतू रं? मी काय मेले का?" सर खूश झाले. त्यांना तेच हवं होतं.

आणि एके दिवशी टपालानं रीळ आलं. एकच. ते दोन्ही बाजूंनी वापरायचं असे. एक बाजू संपली की उलटून घालायचं, दुसरी बाजू घ्यायची. प्रत्येक बाजूला जेमतेम दोन मिनिटं. दोन्ही बाजू झाल्या की रीळ परत पहिल्याच चकरीवर येई आणि दिसायला अगदी नव्यासारखंच दिसे. घोटाळा होऊ नये म्हणून सरांची युक्ती होती. आईच्या गोधडीच्या दोऱ्यातला एक पांढरा दोरा डबीला बांधला की एक बाजू झाली. दोन दोरे, दोन्ही झाल्या.

पहिल्या बाजूवर कडूबाई आली. पाणी शेंदताना, भाकरी थापताना, टोपलं घेऊन चालत येताना, खाली ठेवताना. सरांनी एक दोरा बांधला आणि डबी माझ्या हातात दिली. "दुसरी बाजू तुमची, बाई." मी नको नको म्हटलं. "शिकल्या कशाला मंग?" म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गोदाकाठच्या एका गुऱ्हाळावर गेले. चरकाभोवती फिरणारे बैल, कढईतला उकळता रस, ढवळणारा गुळव्या, सगळं पाच-पाच ऊस मोजून घेतलं. संपल्यावर उजेड लागू नये म्हणून घोंगडीखाली हात घालून रीळ काढलं, डबीत ठेवलं. तेवढ्यात गुळव्यानं दोन्ही हातांवर गरम गूळ ठेवला. हात चिकट. दोरा घरी गेल्यावर बांधू म्हटलं. घरी गेले तर परभणीच्या गाडीची वेळ झालेली, धाकट्या बहिणीचं लग्न होतं. कॅमेरा आणि डबी शिपायाच्या हाती सरांकडे धाडली आणि पळाले. डबीला दोरा एकच.

पंधरा दिवसांनी आले तेव्हा कडूबाई गेली होती. मृत्यूनंतरचा जलदान विधीही होऊन गेला होता. मी भेटायला गेले. सर शांत होते. म्हणाले, "डबीला दोरा एकच दिसला. तुम्हाला गुऱ्हाळ जमलं न्हाई वाटतं. बरं झालं, बाई. मायनं अंथरूण धरल्तं. एका सकाळी म्हणली, उन्हात बसव मला, घे तुझा शिनेमा. बसून काढ म्हणली. दुसरी बाजू तिच्याच कामी आली."

मला न बांधलेला दोरा आठवला. दुसरी बाजू उरलीच नव्हती. त्यांनी पहिलीच बाजू पुन्हा घेतली होती, आईवर आई. तेव्हाच सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. भित्री होते मी, दुसरं काय! रीळ मुंबईला गेलं आणि दीड महिना मी त्यांची नजर चुकवत शाळेत वावरले.

रीळ आलं. मधल्या सुट्टीत चित्रकलेच्या वर्गाच्या खिडक्यांना पोती लावून सरांनी प्रोजेक्टरची दांडी फिरवायला घेतली. भिंतीवर सगळं फिकट, पांढुरकं. त्यात बाजेवर बसलेली आजारी कडूबाई, आणि तिच्यातूनच पाणी शेंदणारी कडूबाई. सरांचा हात क्षणभर थबकला, पुन्हा फिरू लागला. दोन मिनिटं संपली आणि लख्ख स्वच्छ गुऱ्हाळ सुरू झालं.

"बाई," ते भिंतीकडे बघतच म्हणाले, "दोरा?"

"राहिला, सर. हात चिकट होते."

त्यांनी गुऱ्हाळ शेवटपर्यंत फिरवलं. "एकबी शॉट हलला न्हाई," म्हणाले. "शिकल्या तुम्ही." मग दिवा बंद केला आणि पोती काढायला लागले. मला वाटलं होतं ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं.

त्यानंतर महिना-दीड महिना आमची मधली सुट्टी कोरडी गेली. ते व्हरांड्याच्या त्या टोकाला, मी या टोकाला. मी पोस्टकार्ड काढायची आणि परत ठेवायची. इतकं एकटं मला त्या गावात पहिल्या रात्रीही वाटलं नव्हतं.

एक दिवस तेच माझ्या वर्गात आले. "बाई, मी रोज घरी ते रीळ बघून राह्यलो. आधी लई राग आल्ता. तुमचा, माझा, दोऱ्याचा. पण एका जागी बघा, बसलेली माय हाय. तिच्यासमोर चालती माय येती अन् भाकरीचं टोपलं ठिवती. जल्मभर तिनं दुसऱ्यालाच वाढलं. तिला कुणी वाढलेलं मी कधी पाहिलं न्हाई. तिथं तिचं तिनंच वाढून घेतलं." एवढं बोलून ते फळ्याकडे वळले. त्यांचे खांदे हलत होते आणि मी तिथंच उभी राहून रडले. पोरं बघत होती, बघू देत.

पुढच्या उन्हाळ्यात माझी बदली झाली. बसस्टँडवर सर कॅमेरा घेऊन आले. मी पायरीवर पाय ठेवला आणि मागे वळून विचारलं, "रीळ मिळालं का?"

"न्हाई. पण पाच ऊस झाल्याबिगर हलू नका."

कंडक्टर घंटीवर घंटी देत होता. मी हलले नाही.

सर गेल्याचं मला फार उशिरा, एका पोस्टकार्डावरून कळलं. लिहिणाऱ्या जुन्या शिपायानं विचारलं होतं, 'शाळेत लावायला सरांचा फोटो आहे का तुमच्याकडे?' माझ्याकडे नाही. कुणाकडेच नसावा. ज्या माणसानं मयताच्या फोटोची एवढी धास्ती घेतली, त्याला त्या खुर्चीच्या फोटोनंतर जिवंतपणी एकदाही कुणी टिपलं नाही, आणि एकुलतं एक खरं रीळ हातात होतं तेव्हा मी बैल घेतले, कढई घेतली. पाच ऊसभर रीळ मागे ठेवून सरांना घ्यावं, हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही. कोऱ्या कॅमेऱ्यात मात्र सर आहेत: हत्ती काढताना, वळताना, हात झटकताना. शिपायाला काय कळवावं ते सुचेना. डोळे मिटून मी मोजायला लागले, एक ऊस, दोन ऊस, आणि पाचाच्या पुढेही मोजतच राहिले.