टेक्नो म्हणजे साहेब आलेत

संगीताच्या विषयात इलेक्ट्रॉनिक डान्स म्युझिकची तोंडी परीक्षा आहे, हे घरी सांगायला मला आठवडा लागला. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. पोरगी तिथं डीजे ऐकते, असं पप्पांना वाटू नये.

सर पाच तुकडे वाजवणार, शैली ओळखून कारण सांगायचं. वीस मार्क. इतिहास माझा पाठ होता: डिस्को ओसरल्यावर शिकागोच्या क्लबांत हाऊस आलं, मोटारींच्या डेट्रॉइटमध्ये टेक्नो, जर्मनीत ट्रान्स, लंडनकडे ड्रम अँड बेस आणि मग डबस्टेप. पण कानाला सगळं सारखंच लागायचं. नापास होणार याची खात्री होती.

पप्पा चिखलीत एका वर्कशॉपमध्ये पॉवर प्रेस चालवतात. पत्रा कापायचा, दाबायचा, माल चाकणच्या मोटार कारखान्यांना. गुरुवारी त्यांना सुट्टी.

"सकाळपासून काय ऐकतीस गं?"

मी भीतभीत एक इअरफोन त्यांच्या कानात घातला. हाऊस होतं.

"प्रेस चालू हाय," ते म्हणाले, "आन् बाया गाणं म्हणत पॅकिंग करत्यात."

मी टेक्नो लावलं.

"तीच प्रेस. पण कुणी बोलंना. साहेब आलेत."

ट्रान्सला म्हणाले, "मोटर स्पीड घेतीय, घेतीय, पण ठोका काय पडंना." ड्रम अँड बेस ऐकून त्यांनी इअरफोनच काढला. "टार्गेटसाठी कुणीतरी गार्ड काढून चालवतंय. बंद कर, बोटं जात्याल." डबस्टेपला त्यांनी मान हलवली. "क्लच सरकतोय."

प्रेसवाले डोळ्यांआधी कानानं मशीन बघतात. मी सगळं वहीत उतरवलं. त्या दिवसापासून मला शैली ओळखू यायला लागल्या.

परीक्षेत चार तुकडे नीट गेले. साहेब आलेत हे मनात म्हणायचं आणि तोंडानं "टेक्नो, सर. ठोका सरळ, आवाज कोरडा, गाणं नाही." पाचव्याला नाव सुचेना. सर थांबले होते, मागचा बाक थांबला होता.

"सर, याचा क्लच सरकतोय."

वर्ग हसला. सर हसले नाहीत. "म्हणजे?"

"वेग आहे, पण जड ठोका अर्ध्या चालीनं पडतो. खालचा आवाज पकड सुटल्यासारखा थरथरतो."

सरांनी तुकडा पुन्हा लावला आणि मान वाकडी करून ऐकला. "हे कुठल्या पुस्तकात आहे?"

खोटं बोलायचं धाडस नव्हतं. मी गुरुवारची सगळी हकिगत सांगितली. सरांनी वही मिटली. "मार्क सोमवारी लावतो," म्हणाले, आणि जाता जाता माझ्या मोबाइलवर एक ट्रॅक पाठवला. "हा त्यांना ऐकवा. कुणाचा आहे ते सांगू नका."

कुणाचा ते मला लगेच कळलं. सरांचे कान लाल झाले होते.

पप्पांनी तो दोनदा ऐकला. "मशीन चांगली हाय. चालवणारा ट्रेनी हाय. ठोका टाकायची वेळ आली की हात मागं घेतोय."

"काही चांगलं सांगा ना, पप्पा. मार्क अजून लागायचेत."

"मशीन चांगली म्हणलं की."

सोमवारी सरांनी मला स्टाफरूमच्या दारातच गाठलं. हातात मार्कांचा कागद, अजून लावलेला नव्हता. "काय म्हणाले?"

मी चपलेकडे बघत आधी मशीनचं सांगितलं. मग थोडं थांबून ट्रेनीचंही सांगितलं, कारण पाचव्या तुकड्याला मी वाचले होते ती पप्पांच्या कानामुळं, आणि त्या कानाचं अर्धंच सांगणं बरं वाटेना.

सरांनी कागद दाराशेजारच्या नोटीस बोर्डावर टाचला. मला अठरा होते. दोन डबस्टेपचं नाव न आल्याचे गेले.

"हात मागं घेतोय म्हणाले?"

"हो सर."

"कुठल्या मिनिटाला, ते विचारलंत का?"

मी नाही म्हटलं.

"विचारा," सर म्हणाले. "गुरुवारी घरी असतात ना?"