ओटीतली कडाबीन

मखमलाबादला येऊन झेंडूवाले ज्ञानेश कुठे राहतात असं विचारलंत, तर लोक तुम्हाला चार घरं फिरवतील. कडाबीनवाले ज्ञानेश म्हणालात, की शाळेतली पोरंसुद्धा थेट आमच्या दारात आणून सोडतील. हे आमचे यजमान. अंगानं सडपातळ, बोलायला कमी, देवभोळे, आणि लग्नाला तीस वर्षं होऊनही मला पुरते न सापडलेले. त्यांची गोष्ट मीच सांगितलेली बरी. दुसऱ्या कुणी सांगितली तर ऐकणारा म्हणेल, काय सुंदर छंद आहे हो माणसाचा! मला नेमकं तेच ऐकायचं नाही.

कडाबीन म्हणजे जुन्या काळची आखूड बंदूक. तोंड धोत्र्याच्या फुलासारखं पसरट. तिच्या घोड्यात गारगोटीचा तुकडा धरलेला असतो. चाप ओढला की घोडा आपटतो, ठिणगी पडते आणि दारू पेटते. म्हणजे पूर्वी पेटायची. आता कुणी त्या उडवत नाही, नुसत्या बघतात. आमच्या बैठकीच्या भिंतीवर अशा चार आहेत. एक येवल्याच्या भंगारवाल्याकडून आणली, एकीसाठी हे कळवणला इतक्या खेपा घालत होते की मला वाटलं तिकडे जमीनच घेतायत. उरलेल्या दोन कुठून आल्या ते मला सांगितलेलं नाही आणि मीही विचारलेलं नाही.

मी जळते त्यांच्यावर. लोखंडावर आणि लाकडावर जळते, काय करू?

दर रविवारी जेवण झालं की हे एकेक खाली उतरवतात. मांडीवर घेतात, मऊ सुती कापडानं पुसतात. कापड कसलं, तर माझी इरकल. धुऊन धुऊन सायीसारखी झाली होती, ती मला न विचारता फाडली, कारण नव्या कापडानं लाकडावर ओरखडे येतात म्हणे. मग तेलाचा हात. दस्त्याला केसाएवढी चीर गेली तरी ह्यांना दिसते. मोबाईलच्या उजेडात बघतात, हळहळतात. मला चष्मा लागला तेव्हा आठवडाभर मी तो लावून ह्यांच्यापुढे वावरत होते. एक दिवस म्हणाले, "हा कुणाचा चष्मा?" खंडेनवमीला ह्या चौघींना हार, गंध, नैवेद्य सगळं साग्रसंगीत. आणि दुसऱ्या दिवशी दसरा, वर्षातला आमचा सगळ्यात मोठा बाजार, तेव्हा झेंडूचे क्रेट घेऊन फुलबाजारात उभी कोण, तर मी.

तरी, माणूस अबोलच आहे, अशी मी मनाची समजूत घातली असती. पण ललिताबाई आल्या. कॉलेज रोडला राहतात, इतिहास शिकवायच्या, आता निवृत्त. त्यांच्याकडेही दोन कडाबिनी आहेत. त्या दिवशी ह्यांचं तोंड जे सुटलं! चहासुद्धा स्वतः केला. साखरेचा डबा कुठे असतो हे ह्यांना माहीत आहे, हे मला तेव्हा कळलं. मी आत मेथी निवडत होते आणि कान बाहेर.

"आता एकच राह्यली, बाई," हे सांगत होते. "पितळी नळीची. लोखंडी लय पाह्यल्या. पितळी धुरानं काळी पडती, पण नखानं जरा खरवडली की पिवळी दिसती. तशी मिळाली ना, मग दुसरं काय मागणं नाय आपलं."

दुसरं काही मागणं नाही. मी मेथीच्या काड्याही भाजीत टाकल्या. ललिताबाई स्वभावानं चांगल्या आहेत, जाताना माझ्याशीही दोन शब्द बोलल्या. त्याचाच मला जास्त राग आला.

आमच्या मळ्यावर हरसूलकडची भागीबाई कामाला येते. भाताची कापणी उरकली की ती आणि तिचा नवरा रावजी येतात, उन्हाळ्यात परत जातात. किती वर्षं मी तिच्या शेजारी बसून फुलं तोडली आहेत, एका भाकरीत जेवलो आहोत. यंदा तिच्या पोरीचं लग्न होतं. मी म्हटलं, जोडीनं जाऊ. हे म्हणाले, "तू जाऊन ये. मला पुण्याला जुन्या हत्यारांचं प्रदर्शन पाह्यचंय." मी एकटीच गिरणाऱ्यावरून जीपनं गेले.

लग्न छान झालं. दुसऱ्या दिवशी निघण्याआधी भागीबाईच्या चुलीपाशी चहा घेत बसले होते. वर आढ्याला बियाण्याची मक्याची कणसं टांगलेली होती. ती ज्या दांडक्याला बांधली होती ते मला जरा जाडच वाटलं. धुरानं काळंकुट्ट झालेलं, आणि एका टोकाला तोंड पसरलेलं. मी उठले, हात वर केला, नखानं खरवडलं. आत पिवळं होतं.

"हे काय गं?"

"माझे सासऱ्याची बंदूक हाय," भागीबाई म्हणाली. "म्हातारा रानडुकरां हाकलायचा. आता कणसां टांगतो आम्ही."

पहिला विचार आला, हे किती खूश होतील. दुसरा लगेच आला, मी त्यांना खूश करायला का निघालेय? तरी मी विचारलंच, देता का विकत. रावजीनं मान हलवली. "म्हाताऱ्याची वस्तू. ईकायची नाय."

मी विषय सोडून दिला. निघताना भागीबाईनं मला पाटावर बसवलं, कुंकू लावलं, ओटी भरायला घेतली. तांदूळ, नारळ, खण. मग रावजीनं कणसं सोडली, ती बंदूक खाली काढली आणि तिच्या हातात दिली. भागीबाईनं ती आडवी माझ्या पदरात ठेवली. ओझ्यानं पदर खाली ओढला गेला.

"ईकली नाय, ओटीत दिली," ती म्हणाली. "तुझी हाय. ओटीतलां दुसऱ्याला नाय द्यायचां, ठावं हाय ना?"

ठाऊक होतं. ओटीचे तांदूळसुद्धा जिला दिले तिनंच शिजवून खायचे, हे माझ्या आईनं मला लहानपणीच शिकवलंय.

घरी आले तेव्हा हे प्रदर्शनातले फोटो बघत बसले होते. मी कडाबिनीवर गुंडाळलेली गोधडी सोडली. हे उठले आणि परत खाली बसले. "पितळी," एवढंच म्हणाले. डोळे भरून आले होते. हात पुढे केला तशी मी पदर तिच्यावर टाकला.

"ओटीत आलीय. माझी आहे. भिंतीवर लागणार नाही, माझ्या पेटीत राहील."

"अगं, येडी का काय तू? ती काय खण हाय का नारळ?"

"ओटीत आली ना?"

माणूस देवभोळा, ओटीला हात कसा लावणार? मी ती पेटीत ठेवून कुलूप लावलं. काय सुख झालं म्हणून सांगू!

आणि मग नवलच घडलं. हे आतल्या खोलीत येऊन माझ्यापाशी बसायला लागले. चहा आणायचे. लहानपणीच्या गोष्टी सांगायचे, वडलांचा मार, शाळा बुडवून नदीवर पोहणं, जत्रेत पहिली कडाबीन कशी पाहिली. तीस वर्षांत न ऐकलेलं सगळं. मी रोज थोडा वेळ पेटी उघडायची, हात लावू द्यायची नाही. वाटलं, मिळालं आपल्याला आपलं माणूस. पण एकदा मी बोलता बोलता मुद्दाम अर्ध्यात थांबले. वाक्य तसंच सोडून दिलं. ह्यांना कळलंच नाही. नजर माझ्या खांद्यावरून मागे पेटीत होती.

माझं डोकं फिरलं, म्हटलं ही घरातच नको. ललिताबाईंना फोन करून बोलावून घेतलं, पेटी उघडली आणि म्हटलं, घेऊन जा. त्यांचे हात पटकन पुढे आले. मग त्यांनी विचारलं, मिळाली कुठे? मी खोटं बोलू शकले असते, पण खरं सांगून बसले.

"ओटीतली?" त्यांनी हात मागे घेतले. "मी कशी घेऊ, प्रतिभाताई? आणि तुम्ही तरी कशी देणार?"

दारात हे उभे होते. त्यांचा जीव भांड्यात पडलेला मला दिसला. भिंतीवरच्या चार जणी ह्यांनी आणल्या होत्या. ही पाचवी मी स्वतः मांडीवर घेऊन जीपमधून आणली, माझ्याच साड्यांत ठेवली, आणि आता मला तिला घराबाहेर काढताही येत नाही.

ललिताबाई गेल्यावर मी पेटी बंद केली आणि स्वयंपाकघरात जाऊन बसले. आता उघडायचीच नाही, असं पक्कं केलं. जरा वेळानं बाहेरून हाक आली.

"प्रतिभा."

आजवर 'अगं' आणि 'ऐकलं का' यावरच संसार केलेल्या माणसानं मला नावानं हाक मारली होती. तीही इतक्या मायेनं. ती माया कुणासाठी होती ते मला चांगलं माहीत होतं.

"प्रतिभा, जरा पेटी उघडती का?"

मी उठले. चावी कमरेलाच होती. ती शोधायला मी बराच वेळ लावला.