प्रज्ञाचा गुडघा आणि आमची अख्खी गल्ली

किस्से गोळा करायला काही करावं लागत नाही. सकाळी सूप घेऊन ओट्यावर बसायचं, मेथी निवडायची आणि मान जरा वर ठेवायची. बाकी सगळं आपल्या पायांनी चालत येतं. आमच्या गल्लीत तर कोणाचं काही एकट्याचं दुखतच नाही. यंदाच्या हिवाळ्यात समोरच्या प्रज्ञाचा एक गुडघा दुखला, आणि त्या एका गुडघ्यापायी माझ्याकडे इतके किस्से जमले की बायका चहा थंड होऊ देऊन ऐकतात. सून म्हणाली, आई, लिहून काढा, नाहीतर दर वेळी वाढून राहिले. म्हणून लिहिते. मी दहावीपर्यंतच शिकलेली, चुकलंमाकलं सांभाळून घ्या. पण वाढवलेलं काही नाही.

आधी प्रज्ञा कोण ते सांगते. समोरच्या घरातली पोरगी. वडील कोराडीला विजेच्या प्लांटवर जातात, आई वंदना घरीच ब्लाउज शिवते. प्रज्ञा तीन वर्षांपासून पोलीस भरतीची तयारी करते. त्यात लेखी परीक्षेच्या आधी ग्राउंड असतं, म्हणजे आठशे मीटर धावणं, शंभर मीटर धावणं आणि गोळाफेक. मागच्या खेपेला ती ग्राउंडमध्ये थोडक्यात हुकली. यंदा वयात बसत होती, पुढच्या खेपेला बसणार नव्हती. म्हणजे ही शेवटचीच. हे गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

* * *

प्रज्ञा रोज पहाटे आमच्या घरावरून धावत जायची. टप टप टप. मी त्या आवाजावर चहा ठेवायची. डिसेंबरातल्या एका सकाळी आवाज आला, टप… टप-टप… टप. मी गॅस बंद केला आणि बाहेर आले.

"काहून लंगडून राहिली वं?"

"काही नाही काकू, मोजा खाली सरकला."

मी आत जाऊन गॅस परत लावला. पण दुपारी ती गच्चीवरून कपडे घेऊन जिन्याने उलटी उतरताना दिसली. कठड्याला धरून, पाठ खाली करून. मोजा सरकला म्हणून कोणी जिना उलटा उतरत नाही! मी तशीच रस्ता ओलांडून गेले. तेव्हा तिने कबूल केलं. धावता धावता एकदम गुडघ्यात खिळा ठोकल्यासारखं झालं, आणि ग्राउंडला उरले होते दहा आठवडे. तिने मला शपथ घातली की हे कोणाला सांगायचं नाही.

संध्याकाळपर्यंत अख्ख्या गल्लीला कळलं होतं. माझ्यावर आळ आला. खरं सांगते, मी फक्त एकीलाच सांगितलं होतं.

ती एक म्हणजे तिची आई.

* * *

डॉक्टरकडे जायच्या आधी घरचा उपाय करून पाहायचा असतो. आंबेहळदीचा लेप माझ्या हातचा. माझ्या सासूबाई, म्हणजे गल्लीच्या आजी, त्यांचेही गुडघे मीच सांभाळते. मी खलबत्ता काढला, आंबेहळद कुटली, कोमट केली आणि प्रज्ञाच्या गुडघ्यावर जाड थर दिला. तिला म्हटलं, अर्धा तास हलजो नको.

ती पाच मिनिटंच बसली. मग डोळे मोठे झाले. मग उठली, आणि जी अंगणातल्या नळाकडे पळाली की मधली बादलीसुद्धा ओलांडून गेली. आमचे हे पेपर वाचत होते. मान वर करून म्हणाले, "वा, लवकर फरक पडला."

झालं असं होतं की आदल्याच दिवशी त्याच खलबत्त्यात मी भिवापुरी मिरची कुटली होती. खलबत्ता पुसला होता, धुतला नव्हता.

दोन बादल्या पाणी ओतल्यावर मी घाबरत घाबरत विचारलं, आता गुडघा कसा आहे? प्रज्ञा म्हणाली, "काकू, आधी कुठं दुखत होतं तेच आठवून नाही राहिलं."

* * *

मग फिजिओथेरपीवाल्या मॅडमकडे जायचं ठरलं. वंदनाला शिवणकाम होतं म्हणून मी सोबत गेले. तिचं शिवणकाम नसतं तरी गेले असते.

मॅडम तरुण होत्या, पण आवाज हेडमास्तरणीचा. त्यांनी विचारलं, दुखणं कधीपासून? मी सांगितलं. चढताना जास्त की उतरताना? मी सांगितलं. सकाळी उठल्यावर पाय आखडतो का? तेही सांगितलं, कारण प्रज्ञाच्या घरची खिडकी आमच्या स्वयंपाकघरासमोरच येते. मॅडमने पेन खाली ठेवला आणि विचारलं, "यात पेशंट कोण आहे?"

मी खुर्ची मागे घेतली. पण मग त्यांनी विचारलं, बूट कोणते घालते, आणि प्रज्ञा तर चपलेवर आलेली. मी पिशवीतली कोथिंबिरीची जुडी बाजूला केली आणि खालून बूट काढले. तिच्या कंपाउंडवर वाळत होते, तिथून येताना उचलले. आठवडाभर मी ते पाहत होते. उजव्या बुटाची टाच बाहेरच्या अंगाने पार घासली होती, डावा मात्र बरा होता. मला ते काही बरोबर वाटलं नव्हतं.

मॅडमने बूट उलटा करून बराच वेळ पाहिला. धावते कुठं, विचारलं. मैदान दोन महिन्यांपासून खोदून ठेवलं होतं, म्हणून पोरगी नाल्याकाठच्या रस्त्याने धावायची, रोज त्याच कडेने. तो रस्ता एका बाजूला उतरता आहे. वर ग्राउंड जवळ आलं म्हणून अचानक दुप्पट धावायला लागलेली. मॅडम म्हणाल्या, फाटलंबिटलं काही नाही, पण वाटीवर ताण आलाय. तीन आठवडे धावणं बंद. ट्रेनिंग मात्र बंद नाही. सायकल चालवायची, मांडीचे व्यायाम करायचे, गोळा उभ्यानेच फेकायचा. आणि नवे बूट.

जाताना मॅडमने मला थांबवलं. "काकू, ही ऐकणारी दिसत नाही. तुम्ही हिच्यावर नजर ठेवा."

तीस वर्षं मी हे काम फुकटात आणि शिव्या खाऊन करत होते. पहिल्यांदा कोणी तरी रीतसर सांगितलं!

* * *

चौथ्याच दिवशी पहाटे प्रज्ञा चपला घालून निघाली. हातात डब्याची पिशवी. इतक्या पहाटे कोणाला डबा? मी हात घालून पाहिलं तर आत नवे बूट.

वंदनाशी बोलून मी ते बूट माझ्याकडे आणले आणि तांदळाच्या कोठीत ठेवले. तिथं कोणी शोधणार नाही म्हणून. संध्याकाळी प्रज्ञा आली. ओरडली वगैरे नाही. ओट्याच्या पायरीशी उभी राहिली आणि म्हणाली, "काकू, तुम्हाले टाइमपास आहे. माह्यं वय संपून राहिलं."

मी आत गेले, बूट काढून आणले, तांदूळ झटकले आणि तिच्या हातात दिले. ती बूट धरून तशीच उभी. मग सरळ आमच्या स्वयंपाकघरात गेली आणि कोठीचं झाकण उघडून तिनेच ते परत आत ठेवले.

"इथंच राहू द्या. माह्या घरी राहिले तर मी घालीन."

तीन आठवडे बूट तिथंच होते. तीन आठवडे आमच्याकडे कोणी दुसऱ्यांदा भात मागितला नाही.

* * *

व्यायामातला एक प्रकार असा की पाठ भिंतीला लावायची, गुडघे थोडे वाकवायचे आणि खुर्ची नसताना खुर्चीवर बसल्यासारखं थांबायचं. तीस आकडे मोजायचे. पहिल्या दिवशी प्रज्ञा बारावरच घसरली. मग पंधरा, मग वीस. ती आमच्याच ओट्याच्या भिंतीला करायची, कारण मोजायला मी.

एका सकाळी एकोणतिसावर पोचली. मांड्या थरथरत होत्या, चेहरा लाल झालेला. मी "तीस" म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात आजी आतून आपलं लाकडी स्टूल घेऊन आल्या आणि त्यांनी ते अल्लद तिच्या खाली सरकवलं. पोट्टी धप्पकन बसली.

आजी माझ्यावर चिडल्या. "पोरगी मघापासून बिनखुर्चीची बसून राहिली, अन् तू आकडे मोजून राहिली. लाज नाही वाटत का वं शोभे?"

* * *

गोळ्याचं एक सांगायचं राहिलं. प्रज्ञा सरावाचा गोळा आमच्या बाजूच्या रिकाम्या प्लॉटवर फेकायची. एक दिवस तो हरवला. चार किलोचा लोखंडी गोळा! गवतात पाहिलं, नालीत काठी घालून पाहिलं. मी तर दोन घरी अंगणात जाऊन आले, हळद मागायच्या निमित्ताने. कोण नेतं, कशाला नेतं, माझं डोकंच चालेना. तीन दिवस पोरीने विटा फेकल्या.

चौथ्या दिवशी वारा सुटला आणि आमच्या कूलरवरची ताडपत्री जराही हलली नाही. एरवी ती रोज उडते. वर पाहिलं तर मधोमध गोळा. आमच्या ह्यांनी ठेवला होता. "पडलेला दिसला, वजनाले बरा होता," म्हणाले.

गल्लीत कोणाच्या घरी काय शिजतं ते मला ठाऊक असतं. ही गोष्ट मात्र मी आजवर कोणाला सांगितली नव्हती.

* * *

चौथ्या आठवड्यात बूट कोठीतून निघाले. दोन मिनिटं धावायचं, दोन मिनिटं चालायचं. तोवर मैदानही बुजवून झालं होतं. मॅडमने सांगितलं होतं की एक दिवस या बाजूने फिर, एक दिवस त्या बाजूने. सगळी मंडळी डावीकडून फिरणार आणि ही दिवसाआड उजवीकडून. दर फेरीला प्रत्येक जण समोरून येणार आणि विचारणार, "काय वं, गुडघा कसा आहे?" ती म्हणाली, काकू, अर्धा दम तर बोलण्यातच जातो. मग मी मैदानाच्या तोंडाशी उभी राहून येणाऱ्या प्रत्येकाला आधीच सांगायला लागले, की गुडघा बरा आहे, विचारू नका.

तरी ग्राउंडच्या दोन दिवस आधी ती मला म्हणाली, "काकू, सरावात दुखत नाही. पण तिथं जीव लावून पळायचं आहे. तेव्हा दुखलं तर?" मी म्हटलं, तेव्हाचं तेव्हा पाहू. रात्री मात्र मला झोप लागली नाही.

* * *

ग्राउंडच्या दिवशी पहाटेच आम्ही ऑटोने निघालो. प्रज्ञा, वंदना, मी आणि आजी. आजीने स्टूल सोबत घेतलं. किती सांगितलं, ऐकल्याच नाहीत. उभं राहवत नाही म्हणाल्या, ते खरंही होतं.

फाटकाच्या आत फक्त पोरी. आम्ही बाहेर, मैदानाच्या भिंतीशी. भिंत माझ्या डोक्यापेक्षा वीतभर उंच. आतून शिट्ट्या यायच्या, नंबर पुकारले जायचे, दिसत काही नव्हतं. वंदना तर भिंतीकडे पाठ करून खालीच बसली होती, पदर तोंडाशी धरून. म्हणाली, मी पाहूच शकत नाही.

मग एक्केचाळीस नंबर पुकारला. तो प्रज्ञाचा. मी आजीला म्हटलं, उठा. आजी काही न विचारता उठल्या. मी स्टुलावर चढले, आजीने स्टूल धरलं. बारा-तेरा पोरी रांगेत होत्या, आठशे मीटर, म्हणजे दोन राउंड. शिट्टी झाली. पहिल्या वळणावर आमची पोरगी सहावी. मी वरून वंदनाला सांगत होते, सहावी आहे, नीट धावून राहिली, पाय बरोबर पडून राहिला.

"काकू, उतरा खाली."

खाली लेडी कॉन्स्टेबल उभी. चाळिशीची, हातात दंडा. भिंतीवरून पाहता येत नाही म्हणाली.

मी म्हटलं, "उतरते बाई. पण हिच्या आईच्यानं पाहवत नाही, अन् तिले सांगणारी मीच एक आहे."

तिने वंदनाकडे पाहिलं. वंदनाने मान वर केली नाही.

"कोणती पोरगी?"

"एक्केचाळीस. केसाले लाल रबर लावलेली. गुडघ्यातून उठली आहे, अन् हे शेवटचंच वर्ष आहे तिचं."

"उतरा," ती म्हणाली.

मी उतरले. तिने आपला दंडा आजीच्या हातात दिला आणि स्टुलावर चढली.

"पाचवी आहे," ती वरून म्हणाली. मग म्हणाली, "एक राउंड झाला. चौथी." मग काहीच बोलेना. मी विचारलं, लंगडून राहिली का? ती म्हणाली, काकू, गप राहा. आजी एका हाताने स्टूल आणि दुसऱ्या हाताने दंडा धरून उभ्या. गुडघे दुखतात म्हणून ज्या कधी रांगेत उभ्या राहत नाहीत, त्या.

आतून एकदम गलका झाला.

"दुसरी," कॉन्स्टेबल म्हणाली. "दुसरी आली. टायमिंग मस्त आहे, मार्क पूर्ण भेटतील. उभी आहे. दोन्ही पायांवर सरळ उभी आहे तुमची पोरगी."

वंदना पदरात तोंड घालून रडायला लागली. आजी तिच्याजवळ गेल्या. मीही जाणारच होते, पण तेवढ्यात कॉन्स्टेबल स्टुलावरून उतरली. उजवा पाय जमिनीला टेकला आणि तिचा हात झटकन गुडघ्यावर गेला. डोळे क्षणभर मिटले. मग तिने इकडेतिकडे पाहिलं, कोणी पाहिलं तर नाही.

मी पाहिलं होतं.

"किती दिवसांपासून आहे?"

"काय?"

"चढताना जास्त, का उतरताना?"

ती एक पाऊल जवळ आली. मग आवाज खाली करून म्हणाली, "उतरताना."

मी स्टूल तिच्याकडे सरकवलं आणि म्हटलं, "बसा. बूट काढा बरं."